वाग्नरचे संगीत वेगळे काढायचे ते कोणी?

वसई, वांद्रे किंवा मडगाव येथील ख्रिस्ती लग्नात वधू वडिलांचा हात धरून आत येते तेव्हा वाजणारी धून बहुतेकांच्या ओळखीची असते, आणि विधी आटोपून नवदांपत्य बाहेर पडते तेव्हाची दुसरी, अधिक उसळती धूनही. पहिली धून रिचर्ड वाग्नरच्या ‘लोहेनग्रीन’ या ऑपेराच्या तिसऱ्या अंकातली आहे. (ऑपेरातले ते लग्न त्याच रात्री मोडते, पण त्याची आठवण मांडवात कोणी काढत नाही.) दुसरी धून फेलिक्स मेंडेल्सोनची आहे, शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेसाठी त्याने रचलेल्या संगीतातून ती लग्नसमारंभात आली. ‘लोहेनग्रीन’चा पहिला प्रयोग २८ ऑगस्ट १८५० रोजी वायमार येथे फ्रान्झ लिस्टच्या संचालनाखाली झाला, आणि पुढच्याच महिन्यात लाइपझिगच्या एका प्रतिष्ठित संगीतविषयक नियतकालिकात वाग्नरने टोपणनाव घेऊन ‘संगीतातील ज्यूपण’ या विषयावर एक लेख लिहिला. त्या लेखाचे एक मुख्य लक्ष्य होते तीन वर्षांपूर्वी वारलेला मेंडेल्सोन. ज्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला त्याच्या जन्मावरून खऱ्या कलेच्या बाहेर काढले, ते दोघे आज जगभरच्या लग्नांत एकमेकांना लागून वाजतात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. संगीत आणि संगीतकार यांना वेगळे करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण त्यासाठी काही माहीतच असावे लागत नाही.

माहीत झाल्यानंतर काय, हा खरा प्रश्न आहे. त्यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. माणूस कसाही असो, त्याची कला तेवढी पाहावी, हे एक. आणि असल्या माणसाचे काही ऐकूच नये, हे दुसरे. मराठीत या वादाला फडके आणि खांडेकर यांच्या ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या भांडणापासूनची परंपरा आहे, आणि दोन्ही बाजूंचा युक्तिवाद आपल्याला तोंडपाठ असल्यामुळे तो कुठल्याही नव्या प्रकरणाला लावून मोकळे होण्याची आपली सवयही जुनी आहे. पण या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: संगीत हे संगीतकारापासून एक तर वेगळे असते किंवा नसते. मला हे गृहीतच चुकीचे वाटते. वेगळे करणे ही कोणीतरी केलेली कृती असते. आणि कृती म्हटली की ती कोण करतो, कोणाच्या वतीने करतो आणि करताना कशाकडे पाठ फिरवतो, हे विचारावेच लागते. वाग्नरचे उदाहरण यासाठी उपयोगाचे आहे, कारण त्याच्या बाबतीत ही कृती गेली दीडशे वर्षे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या हेतूंनी केली आहे, आणि तिचे परिणाम आपल्यासमोर आहेत.

आधी त्या लेखाविषयी, कारण त्याची बोळवण बहुधा ‘काही आक्षेपार्ह मते’ एवढ्यावर केली जाते. वाग्नरचे म्हणणे थोडक्यात असे होते: ज्यू माणूस युरोपातली कोणतीही भाषा परक्यासारखीच बोलतो, त्याच्या उच्चारात कानाला खुपणारे काहीतरी असते, आणि ज्याला भाषा आतून येत नाही त्याला गाणेही आतून येणार नाही, म्हणून मेंडेल्सोनसारखा असामान्य बुद्धीचा आणि उत्तम शिक्षण घेतलेला माणूससुद्धा ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालू शकत नाही. लेखाच्या शेवटी ज्यूंना उद्देशून असे म्हटले आहे की त्यांच्यावरील शापातून सुटण्याचा मार्ग एकच, लयाला जाणे. हा लय सांस्कृतिक की आणखी कसला, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण वाद घालावा लागतो यातच पुष्कळ आले. लेखात नाव न घेता ज्याच्यावर झोड उठवली आहे तो दुसरा संगीतकार म्हणजे जाकोमो मायरबीअर. पॅरिसमध्ये वाग्नर कर्जात बुडालेला असताना याच मायरबीअरने त्याच्यासाठी शब्द टाकला होता, आणि ‘रिएन्झी’ हा वाग्नरचा ऑपेरा १८४२ साली ड्रेस्डेनच्या रंगमंचावर आला त्यात मायरबीअरच्या शिफारशीचा मोठा वाटा होता. त्या दिवसांत वाग्नरने त्याला लिहिलेली पत्रे इतकी लाचार आहेत की वाचताना आपल्यालाच संकोच होतो.

‘त्या काळी सगळेच असे होते’ हा बचाव इथे टिकत नाही. १८६९ साली वाग्नरने तोच लेख वाढवून, या वेळी स्वतःच्या नावाने, पुस्तिकेच्या रूपात पुन्हा छापला. तेव्हा तो कोणी उपेक्षित, निर्वासित संगीतकार राहिला नव्हता; बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग त्याच्या पाठीशी उभा होता आणि त्याचे ऑपेरा म्युनिकमध्ये गाजत होते. पुस्तिकेला तेव्हाच ठिकठिकाणी जाहीर विरोध झाला. आणि त्याच वर्षी, जुलै महिन्यात, उत्तर जर्मन संघराज्याने धर्मावरून नागरी हक्कांत भेद करता येणार नाही असा कायदा केला. म्हणजे काळ एका दिशेने चालला होता आणि वाग्नर जाणूनबुजून त्याच्या उलट दिशेने. पुढे १८८१च्या डिसेंबरात व्हिएन्नाचे रिंगथिएटर जळून शेकडो माणसे मेली. मृतांत ज्यू पुष्कळ होते. त्यानंतर काही दिवसांनी पत्नी कोझिमाने आपल्या रोजनिशीत वाग्नरचा एक विनोद टिपून ठेवला आहे: लेसिंगच्या ‘नाथान’च्या प्रयोगाला सगळ्या ज्यूंनी जळून मरावे. धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कार करणारे जर्मन भाषेतले सर्वांत प्रसिद्ध नाटक म्हणजे हे ‘नाथान’. ते कोणते हे वाग्नरला पुरते ठाऊक होते. विनोद होता तो त्यातच.

याच माणसाने ‘त्रिस्तान आणि इझोल्ड’ लिहिला. त्याची सुरुवात कोणीही मन लावून ऐकावी. चेलो एकटेच एक सूर धरतात, वर चढतात, अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरू लागतात, आणि ते उतरत असतानाच लाकडी सुषिरवाद्ये एका विचित्र स्वरसमूहावर येऊन थांबतात, ज्यातून ओबो पुन्हा अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर सरकत जातो. मग शांतता. तो स्वरसमूह सुटत नाही. एका प्रश्नातून दुसऱ्या प्रश्नात जावे तसा नुसता पुढे ढकलला जातो. एखाद्या गवयाने षड्जाच्या अवतीभवती घुटमळत राहावे, कान षड्जासाठी आसुसलेले असताना त्याला हुलकावणी द्यावी आणि हे चार तास चालू ठेवावे, तसा हा प्रकार आहे. इझोल्डच्या अखेरच्या गाण्याच्या शेवटी तो तणाव सुटतो तेव्हाच ऑपेराही संपतो. १० जून १८६५ रोजी म्युनिकमध्ये याचा पहिला प्रयोग झाला. युरोपीय संगीतातल्या स्वरसंवादाची पुढची वाट इथून फुटली असे म्हणताना कोणालाही अतिशयोक्तीची भीती वाटत नाही. माहलर, डेब्यूसी, शोनबर्ग यांना वाग्नरच्या वाटेने जावे लागले किंवा त्याच्यापासून पळावे तरी लागले. शोनबर्ग ज्यू होता आणि माहलर ज्यू घरात जन्मला होता. या चार तासांत द्वेष कोठे आहे? मला तो सापडत नाही, आणि ओढूनताणून तो शोधणाऱ्यांचे लेखन मला पटत नाही.

पण ‘त्रिस्तान’वरून सगळा वाग्नर निर्दोष ठरवणे ही लबाडी होईल. तो नुसता स्वरकार नव्हता. आपल्या सर्व ऑपेरांचे शब्द त्याने स्वतः लिहिले, आणि काव्य, संगीत, नाट्य, नेपथ्य मिळून एकच समग्र कलाकृती व्हावी हा त्याचा आग्रह होता. तेव्हा ‘शब्द सोडा, सूर ऐका’ हे म्हणणे त्याच्याच कलाविचाराशी विसंगत आहे. ‘न्युरेम्बर्गचे माइस्टरझिंगर’ या १८६८च्या ऑपेरात बेकमेसर नावाचे एक पात्र आहे. तो नियमांचा किडा, दुसऱ्याच्या चुका पाटीवर खडूने मोजणारा परीक्षक. स्वतः गायला लागला की शब्द भलत्याच अक्षरांवर आघात घेऊन येतात, चाल बेंगरूळ होते आणि अखेर त्याची सगळ्या गावासमोर फजिती होते. तो ज्यू आहे असे ऑपेरात कुठेही म्हटलेले नाही. मात्र ज्याने १८५०चा लेख वाचला आहे त्याला या गाण्यात ओळखीचा घाट दिसतो: भाषा परकी, म्हणून गाणे खोटे. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नोने बेकमेसरप्रमाणेच ‘रिंग’ या वाग्नरच्या चार ऑपेरांच्या मालिकेतील आल्बेरिख आणि मीमे या पात्रांनाही ज्यूंची व्यंगचित्रे म्हटले, पण इतर काही अभ्यासकांना हे म्हणणे मान्य नाही. माझ्या मते मीमेच्या बाबतीत पुरावा तुटपुंजा आहे आणि बेकमेसरच्या बाबतीत तो दुर्लक्ष करता येणार नाही इतका आहे. २०१७ साली वाग्नरच्या ऑपेरांसाठीच भरणाऱ्या बायरॉइटच्या महोत्सवात बॅरी कॉस्की या ज्यू दिग्दर्शकाने ‘माइस्टरझिंगर’ बसवला तेव्हा त्याने नेमके हेच उघड्यावर आणले. बेकमेसरवर ज्यूविरोधी व्यंगचित्राचे प्रचंड डोके चढवले आणि कथेची जागा नाझी पुढाऱ्यांवरील न्युरेम्बर्ग खटल्याच्या न्यायालयात नेली. तो प्रयोग वाग्नरला वगळत नव्हता आणि वाचवतही नव्हता. सूर तसेच राहिले, पण प्रेक्षकाला डोळे झाकून बसण्याची सवलत मिळाली नाही.

आता एक युक्तिवाद, जो ऐकायला चतुर आहे आणि म्हणूनच तपासून घेतला पाहिजे. तो असा: माणसाचा जन्म त्याच्या कलेत उतरतो, कला आणि कलावंत वेगळे होऊच शकत नाहीत, हे तर वाग्नरचेच म्हणणे होते, मेंडेल्सोनला त्याने याच न्यायाने दोषी ठरवले. मग वाग्नरचे संगीत त्याच्या व्यक्तित्वामुळे नाकारणारा माणूस नकळत वाग्नरचाच सिद्धान्त मान्य करतो, आणि ते संगीत मोकळेपणाने ऐकणारा त्याचा पराभव करतो. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. सुरांना जात नसते हे म्हणण्याचा सर्वांत चांगला मुहूर्त वाग्नरचे सूर वाजत असतानाच असतो. पण दोन्ही बाजू इथे सारख्या नाहीत. मेंडेल्सोनला वाग्नरने जन्मावरून नाकारले. तो जन्म मेंडेल्सोनने निवडला नव्हता, आणि लहानपणीच बाप्तिस्मा होऊनही तो त्यातून सुटला नाही. वाग्नरला कोणी नाकारत असेल तर ते त्याने लिहिलेल्या, वाढवून पुन्हा छापलेल्या आणि आयुष्यभर उगाळलेल्या मजकुरामुळे. जन्मावरून बहिष्कार आणि कृत्यावरून बहिष्कार यांतला फरक महाराष्ट्रात तरी कोणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

हेरमान लेवीची गोष्ट याच संदर्भात पाहावी. लेवी हा म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदाचा संचालक, एका रब्बीचा मुलगा. वाग्नरच्या अखेरच्या ‘पार्सिफाल’साठी राजा लुडविगने आपला वाद्यवृंद देऊ केला, पण त्यासोबत त्याचा संचालकही घ्यावा लागेल अशी राजाची भूमिका होती. वाग्नरची इच्छा होती की या अत्यंत ख्रिस्ती भावनेच्या ऑपेराचे संचालन करण्यापूर्वी लेवीने बाप्तिस्मा घ्यावा. लेवीने तो घेतला नाही. १८८१ साली वाग्नरला एक निनावी पत्र आले, ‘पार्सिफाल’ला ज्यूचा हात लागू देऊ नका आणि हा माणूस तुमच्या पत्नीच्या मागे आहे अशा मजकुराचे. वाग्नरने ते लेवीच्या हाती वाचायला दिले आणि जेवणाच्या टेबलावर तो गप्प का, म्हणून वर विचारणा केली. लेवी बायरॉइट सोडून निघून गेला. मग त्याला आर्जव करून परत बोलावण्यात आले. २६ जुलै १८८२ रोजी ‘पार्सिफाल’चा पहिला प्रयोग लेवीच्याच संचालनाखाली झाला, आणि पुढच्या वर्षी वाग्नर वारला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लेवी होता. त्याने आपल्या वडिलांना लिहिले होते की वाग्नर हा अत्यंत थोर माणूस आहे आणि ज्यूंविरुद्धचा त्याचा लढाही उदात्त हेतूनेच चाललेला आहे. हे वाचून आपण अस्वस्थ होतो. लेवीला सगळे माहीत होते, घाव त्याच्यावरच झाले होते, आणि तरीही त्याने संगीत वेगळे काढून हृदयाशी धरले. त्याचा तो अधिकार होता. मात्र ‘पाहा, वाग्नरचे कितीतरी मित्र ज्यूच होते’ म्हणून लेवीला साक्षीला उभे करण्याचा अधिकार आपल्याला त्यातून मिळत नाही. त्याने स्वतःपुरते जे केले ते दुसऱ्याच्या वतीने केले नव्हते.

मराठी वाचकाला, विशेषतः बौद्ध परंपरेशी नाते असलेल्या वाचकाला, आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १८५६ साली वाग्नरने ‘विजेते’ नावाच्या एका ऑपेराचा आराखडा लिहिला; त्याचे बीज यूजेन बर्नूफच्या भारतीय बौद्ध धर्मावरील ग्रंथातून आले होते. ती कथा आपल्या परिचयाची आहे: भिक्षू आनंद आणि त्याच्यावर प्रेम करणारी चांडाळकन्या प्रकृती. पूर्वजन्मी ही प्रकृती एका ब्राह्मणाची गर्विष्ठ मुलगी होती आणि चांडाळ राजपुत्राच्या प्रेमाला तिने हसून झिडकारले होते; त्या हसण्याचे फळ ती या जन्मी भोगते, आणि शेवटी बुद्ध तिला संघात घेतो. ऑपेरा कधीच पूर्ण झाला नाही, तथापि ‘पार्सिफाल’मधील कुंड्री या पात्रात प्रकृतीची छाया उतरली आहे. जन्मावरून माणसाला हसणे हे पाप आहे, इतके वाग्नरला नाटककार म्हणून कळले होते. निबंधकार म्हणून तो तेच पाप एकदा करून थांबला नाही, या आराखड्यानंतर तेरा वर्षांनी त्याची दुसरी आवृत्तीही काढली. त्यामुळे कलाकृती कलावंतापेक्षा शहाणी असू शकते, हे मी मान्य करतो. तिच्या शहाणपणाचे गुण कलावंताच्या खात्यात जमा करण्याला मात्र माझी हरकत आहे.

वाग्नरचा वारसा म्हणतात तो अर्थात त्याच्या हयातीवर थांबत नाही. तो १८८३ साली वारला आणि हिटलर जन्मला १८८९ साली. तेव्हा नाझींच्या कृत्यांचा हिशेब वाग्नरकडून मागता येत नाही, हे उघड आहे. पण मधली साखळीही उघड आहे. वाग्नरची मुलगी एफा हिने वंशश्रेष्ठत्वाचा प्रचारक ह्यूस्टन स्टुअर्ट चेंबरलेन याच्याशी १९०८ साली लग्न केले. सून विनिफ्रेड हिने १९२३पासून हिटलरला घरच्यासारखे वागवले. सत्तेवर आल्यावर तो दर उन्हाळ्यात बायरॉइटच्या महोत्सवाला येऊ लागला. उलट बाजूने हेही सांगितले पाहिजे की नाझी पक्षाला वाग्नरचे वेड होते ही समजूत बरीचशी एका माणसाच्या वेडावर उभी आहे. हिटलरचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर याने आपल्या आठवणींत लिहिले आहे की पक्षाच्या न्युरेम्बर्ग मेळाव्यात ‘माइस्टरझिंगर’चा प्रयोग ठेवला तेव्हा पक्षाचे पुढारी बिअरच्या गुत्त्यांत रमले होते, सभागृह ओस पडले होते आणि हिटलरने माणसे पाठवून त्यांना पकडून आणवले. छळछावण्यांतले कैद्यांचे वाद्यवृंदसुद्धा मुख्यतः कूचगीते आणि लोकप्रिय हलक्या चाली वाजवत. तिथे सतत वाग्नरच वाजत असे, ही सर्वत्र पसरलेली समजूत पुराव्याला फारशी धरून नाही.

दरम्यान मेंडेल्सोनचे काय झाले, तेही पाहावे. १९३६च्या नोव्हेंबरात, महापौर कार्ल गोएर्डेलर परगावी असताना, लाइपझिगच्या गेवांडहाउस या संगीतगृहासमोरचा मेंडेल्सोनचा पुतळा रात्रीतून उतरवण्यात आला. त्याचे संगीत कार्यक्रमांतून नाहीसे झाले. ज्या माणसाने १८२९ साली बर्लिनमध्ये बाखचे ‘मॅथ्यू पॅशन’ पुन्हा उभे करून जर्मनांना त्यांचाच बाख परत दिला, त्याला जर्मन संगीतातून काढून टाकले गेले. वाग्नरने ही आज्ञा दिली नव्हती. मात्र ती देणाऱ्यांना लागणारे तत्त्वज्ञान शहाऐंशी वर्षांपूर्वीच त्याच शहरात छापून तयार होते.

आणि मग १९५१. युद्धानंतर बायरॉइटचा महोत्सव पुन्हा सुरू झाला तेव्हा वाग्नरचे नातू वीलांट आणि वोल्फगांग यांनी प्रेक्षकांना विनंती केली की आवारात राजकीय चर्चा टाळावी. आधाराला ‘माइस्टरझिंगर’मधलेच वचन होते, इथे महत्त्व कलेचे. कला वेगळी, राजकारण वेगळे, हे तत्त्व इतक्या सोयीस्करपणे क्वचितच वापरले गेले असेल. ज्या घराने हिटलरचे आदरातिथ्य केले त्याच घराने युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी पाहुण्यांना त्याविषयी बोलू नका म्हणून सांगावे, ही हात झटकण्याची रीत झाली. वीलांटने रंगमंच रिकामा केला, प्रकाशावर सगळा भर दिला आणि आजोबांच्या ऑपेरांना शिरस्त्राणे व अस्वलाची कातडी यांतून सोडवले. त्याच्या कामाचे मोल मला कमी लेखायचे नाही. तरी त्या रिकाम्या रंगमंचावरून केवळ जुने नेपथ्य हटले नव्हते, साक्षीपुरावेही हटले होते. २०१२ साली त्याच टेकडीवर, वाग्नरच्या अर्धपुतळ्याच्या आसपास, बायरॉइटमधून हाकललेल्या आणि मारल्या गेलेल्या ज्यू कलावंतांच्या माहितीचे फलक लागले. ते लागायला साठ वर्षे लागली. फलक वाचून आत गेलेला प्रेक्षक आणि चर्चा करू नका ही सूचना वाचून आत गेलेला प्रेक्षक एकच संगीत ऐकतात, पण पहिल्याने वेगळे काढले असेल तर जाणून काढले आहे. दुसऱ्याला वेगळे काढून दिले गेले आहे.

इस्रायलमध्ये या प्रश्नाला जी धार आहे ती इतरत्र नाही. तिथे वाग्नरवर कायद्याने बंदी नाही. आहे तो एक अलिखित संकेत. हिटलरच्या राजवटीचा निषेध म्हणून १९३३ साली बायरॉइटला जायचे नाकारणाऱ्या इटालियन संचालक आर्तुरो तोस्कानिनीने १९३८च्या वसंतात, इस्रायल स्थापन होण्यापूर्वीच्या पॅलेस्टाइनमध्ये, ‘लोहेनग्रीन’मधील संगीत वाजवले होते, आणि ते कोणाला खटकले नव्हते. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची दुकाने फोडली गेली, तेव्हा पॅलेस्टाइनमधल्या वाद्यवृंदाने आगामी कार्यक्रमातून ‘माइस्टरझिंगर’चे प्रास्ताविक काढून टाकले, आणि तो संकेत तेथपासून चालत आला. झायोनिझमचा प्रणेता थिओडोर हर्झल पॅरिसमध्ये आपली ज्यू राष्ट्राची पुस्तिका लिहीत असताना संध्याकाळी ‘टानहॉयझर’ ऐकायला जात असे आणि ऑपेरा नसलेल्या दिवशीच आपल्या कल्पनेविषयी त्याला शंका येत, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, हा इतिहासाचा आणखी एक पेच. सुरांना स्वतःचा पक्ष नसतो हे दाखवायला हे उदाहरण पुरते. पण ज्या माणसाच्या मनात ते सूर एका विशिष्ट गणवेशाशी कायमचे जोडले गेले आहेत त्याला हर्झलची हकिगत सांगून काय उपयोग?

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी १९८१ साली तेल अवीवमध्ये इस्रायल फिलहार्मोनिकच्या कार्यक्रमानंतर ‘त्रिस्तान’चा अखेरचा भाग वाजवायला घेतला. ज्या वादकांना नको होते त्यांना त्यांनी मोकळे केले होते, श्रोत्यांनाही ज्यांना जायचे त्यांनी जावे असे सांगितले होते. सभागृहातला एक कर्मचारी, जो नाझींच्या तावडीतून वाचलेला होता, पुढे आला आणि सदरा वर करून त्याने आपल्या पोटावरचे व्रण दाखवले. २००१च्या जुलैत जेरुसलेममध्ये डॅनियल बॅरेनबॉइम यांनी बर्लिनच्या वाद्यवृंदासह मूळ कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांशी अर्धा तास वाद घातला, काहीजण दारे आपटून बाहेर पडले, आणि मग त्यांनी ‘त्रिस्तान’ वाजवला. या दोघांच्या हेतूंविषयी मला शंका नाही. मेहतांनी तर त्या वाद्यवृंदाला आयुष्य दिले. पद्धत मात्र मला चुकीची वाटते. मूळ कार्यक्रमानंतर आग्रहाखातर वाजवायच्या रचनेचा उल्लेख तिकिटावर नसतो. श्रोता दुसरे काही ऐकायला आलेला असतो, आणि ‘नको असेल तर बाहेर जा’ हे त्याला त्याच्याच सभागृहात ऐकावे लागते. वेगळे करण्याची कृती इथे संचालकाने श्रोत्याच्या वतीने करून टाकली; श्रोत्याच्या वाट्याला उरले ते उठून चारचौघांत स्वतःची जखम जाहीर करणे.

याउलट ऑक्टोबर २०००मध्ये रिशोन लेझियोन येथील वाद्यवृंदाने ‘झीगफ्रीड इडिल’ हा वाग्नरचा छोटा तुकडा आधी जाहीर करून, तिकिटे विकून सादर केला. संचालक मेंडी रोडन स्वतः नाझी काळातून वाचलेले होते. सभागृहात एका वृद्धाने उभे राहून खुळखुळ्यासारखे वाद्य गरागरा फिरवून निषेध केला. वादन पुढे चालू राहिले. या प्रसंगात मला कोणीच चुकलेले दिसत नाही. रोडन यांना वाग्नर वाजवण्याचा हक्क होता, त्या वृद्धाला खडखडाट करण्याचा होता, आणि ज्यांना दोन्ही नको होते ते घरी राहू शकत होते. दोघेही एकाच संकटातून आलेले, आणि दोघांनी दोन निर्णय घेतले. त्यांतला एक खरा आणि दुसरा खोटा ठरवायला कोणी तिसऱ्याने बसण्याचे कारण नाही.

२०१८ साली इस्रायलच्या सरकारी नभोवाणीने वाग्नरच्या ‘गॉटरडेमरुंग’ या ऑपेराचा भाग प्रसारित केला आणि नंतर माफी मागितली, वाचलेल्यांपैकी जे हयात आहेत त्यांना त्रास होतो, हे कारण दिले. ते कारण मला पुरेसे वाटते, पण त्याला मुदत आहे. नाझी छावण्यांतून वाचलेले आज हयात आहेत ते अतिशय वृद्ध आहेत, आणि काही वर्षांनी त्यांच्यापैकी कोणी उरणार नाही. त्यानंतरही संकेत तसाच ठेवला तर तो जिवंत माणसाचा मान राखणारा संकेत न राहता एक चिन्ह होईल, आणि चिन्हाच्या रक्षणाला राजकारणी माणसे नेहमीच तयार असतात. नातवंडांना आठवणीचा वारसा मिळतो. आजोबांच्या व्रणांच्या बळावर दुसऱ्याला गप्प करण्याचा हक्क त्याच मापात मिळतो असे मला वाटत नाही. तेव्हा जाहीर केलेले, तिकीट लावलेले, १८५०च्या लेखाचा आणि लेवीच्या हाती दिलेल्या त्या पत्राचा उल्लेख कार्यक्रमपत्रिकेत स्पष्टपणे करणारे वाग्नरचे वादन तेल अवीवमध्येही व्हायला हरकत नसावी. ते कधी व्हावे हे मात्र तिथल्यांनी ठरवायचे आहे. बर्लिन, न्यूयॉर्क किंवा मुंबई इथे बसून त्यांना उदारमनस्कतेचे धडे देण्याआधी आपण आपल्या सभागृहांतल्या कार्यक्रमपत्रिका उघडून पाहाव्यात. त्यांत वाग्नरविषयी ‘थोर जर्मन संगीतकार, जन्म लाइपझिग, १८१३’ यापलीकडे काही छापलेले क्वचितच आढळते.